एस.वाय.ला पॉइंटर घसरला, टी.वाय.मध्ये किती सावरता येईल?

डोंबिवली_दादर

नमस्कार मंडळी. मी बी.ए.एफ.च्या (अकाउंटिंग आणि फायनान्सची बी.कॉम. पदवी) तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज दादर भागातलं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न, ऑटोनॉमस नाही. आमची २०२३ ची बॅच, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरण यायच्या आधीचा पॅटर्न.

एफ.वाय.ला, म्हणजे पहिल्या वर्षी, दोन्ही सेम बरे गेले होते, पॉइंटर दहापैकी ७.५ आणि ७.२. एस.वाय.ला बाबांचं ऑपरेशन झालं. ते घरी होते तेवढे महिने आईने दोन शिफ्ट केल्या आणि मी संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. सेम तीनला ५.६ आणि चारला ५.३ आला. के.टी. नाही, सगळे विषय सुटले. पण गेल्या आठवड्यात मार्कशीट हातात आली तेव्हापासून झोप नाही. बाबा आता कामावर जायला लागलेत. ते काही बोलले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढे एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा, सी.ई.टी., द्यायची आहे, नाहीतर एम.कॉम. करीन. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, चार सेम झाल्यावर उरलेल्या दोनमध्ये खरंच काही फरक पडतो का, की आता वेळ गेली? दुसरं, शिकवण्या बंद कराव्यात का? रोज डोंबिवली-दादर येऊन-जाऊन शिवाय शिकवण्या, हातात रात्रीचे दोन-अडीच तासच उरतात. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. "मेहनत कर, सगळं होईल" हे घरीदारी सगळे सांगतात, मला नेमकं काय करू ते हवंय.

आकडेमोड

आधी हिशोब मांडू, म्हणजे निम्मी भीती जाईल.

तुमच्या पॅटर्नमध्ये प्रत्येक सेमला २० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे हिशोबात विषयाचं वजन), सहा सेमचे मिळून १२०. सगळ्या सेमचं वजन सारखं, त्यामुळे सहा पॉइंटरची सरळ सरासरी काढली तरी चालते. तुझ्या चारची बेरीज २५.६, म्हणजे आज तू ६.४ वर आहेस. शेवटी ७ हवा असेल तर सहाची बेरीज ४२ व्हायला हवी. उरले १६.४, म्हणजे दोन्ही सेमला ८.२. दोन्ही सेमला ८.५ आणलास तर ७.१ होतो. साडेसातचं स्वप्न मात्र सोड, त्याला दोन्ही वेळा ९.७ लागेल. हे स्पष्ट सांगतोय, कारण अशक्य आकडा डोळ्यासमोर ठेवला की पहिल्याच टेस्टनंतर माणूस हातपाय गाळतो.

आता ८.२ म्हणजे काय ते बघ. ८० आणि पुढे १० पॉइंट, ७० ला ९, ६० ला ८, ५५ ला ७, ५० ला ६, ४५ ला ५, ४० ला ४. चार क्रेडिटच्या एका पेपरात ७० आणि बाकी सगळ्यांत ६०, एवढ्यावर बरोब्बर ८.२ होतो. प्रत्येक विषयात ऐंशी पाडायची गरज नाही.

यातली मेख मुलांच्या लक्षात येत नाही. ६१ ला ८ पॉइंट आणि ६९ लाही ८ च. पण ५९ ला ७. म्हणजे ज्या विषयात तू ५७-५८ वर अडकतेस तिथले दोन-तीन मार्क सोन्याचे, आणि ज्यात ६२ वरून ६७ वर जातेस तिथली मेहनत पॉइंटरमध्ये दिसतच नाही. चारही मार्कशीट समोर घे आणि कुठल्या विषयात उंबरठ्याच्या किती अलीकडे राहिलीस ते पेनाने लिहून काढ. क्रेडिटचा रकानाही बघ, चारचा पेपर आणि दोनचा पेपर यांना सारखे तास देऊ नकोस.

आणि प्रत्येक विषयाच्या शंभरातले इंटर्नलचे २५! वीसची टेस्ट, पाच वर्गातल्या सहभागाचे. तुला तिथे किती मिळाले?

डोंबिवली_दादर

इंटर्नलला १२ ते १५ च्या मध्ये, सगळ्या विषयांत. टेस्टच्या दिवसांतच हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू होत्या.

आकडेमोड

मग इथेच एक पायरी वर चढता येईल. १३ चे २० झाले की ७५ च्या पेपरात एकही मार्क न वाढता ५४ चे ६१ होतात, म्हणजे ६ पॉइंटचे ८.

निवृत्त_मास्तर

बाळ, मी पस्तीस वर्षं कॉमर्सला अकाउंट्स शिकवलं आणि तेवढीच वर्षं पेपर तपासले. आकडेमोड यांनी मांडलेला हिशोब चोख आहे. माझं सांगणं त्याच्या पुढचं.

अभ्यासाचे तास वाढवायच्या आधी मार्क कुठे गेले ते बघ. सेम एक ते चारच्या परीक्षा कॉलेजच घेतं, पेपरही तिथलेच शिक्षक तपासतात. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीची मुदत असेल तर अर्ज कर. मुदत गेली असली तरी बाईंना भेटून, "माझं कुठे चुकतं ते बघायचंय, मार्क वाढवायला आले नाही," असं म्हण. बहुतेक शिक्षक वेळ काढतात. मुलं रिझल्ट बघतात, पण आपली उत्तरपत्रिका बघत नाहीत. मग पुढच्या वर्षी तेच पुस्तक, तीच पद्धत, फक्त तास दुप्पट.

उत्तरपत्रिका समोर आली की तीन गोष्टी तपास. आलंच नाही म्हणून गेलेले मार्क किती, येत होतं पण वेळ पुरला नाही म्हणून गेलेले किती, आणि लिहिलं होतं पण मांडणी नव्हती म्हणून गेलेले किती. माझ्या अनुभवात मधल्या मुलांचे पहिल्या कारणाने जातात त्याहून जास्त मार्क दुसऱ्या-तिसऱ्या कारणाने जातात. आणि त्यावरचा उपाय रात्र जागवणं नाही.

आणखी एक. सेम पाच आणि सहाची परीक्षा विद्यापीठ घेतं. तुझा पेपर आता तुला ओळखणाऱ्या बाईंकडे जाणार नाही. २०१७ पासून विद्यापीठात उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात. समोरचा परीक्षक एकामागून एक पानं सरकवत असतो. पुसट पेन्सिलीने आखलेला तक्ता, समासात कोंबलेली वर्किंग नोट (आकडा कसा काढला ती मांडणी), एका प्रश्नाचं उरलेलं उत्तर चार पानं सोडून लिहिलेलं, हे पडद्यावर नजरेतून सुटतं. गडद निळं किंवा काळं पेन वापर, प्रत्येक नवा प्रश्न नव्या पानावर घे, वर्किंग नोट त्या उत्तराच्या लगेच खाली लिही आणि तिला नंबर दे. "बघा वर्किंग नोट २" असं खात्यात लिहिलेलं असलं की परीक्षकाला शोधावं लागत नाही.

अडीच तास, पाच प्रश्न, पंधरा-पंधरा मार्क. म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास. ऑब्जेक्टिव्हचा प्रश्न वीस मिनिटांत उरकतो, तिथली दहा मिनिटं ताळा करायला ठेव. घड्याळ लावून हे घरी करून बघितल्याशिवाय परीक्षेत जमत नाही. आणि थिअरीचा शेवटचा प्रश्न कधीही कोरा सोडू नकोस. दोन टिपा येत असतील तर दोन लिही, पण लिही.

डोंबिवली_दादर

सर, काल बाईंना भेटले. त्यांनी स्टाफरूममध्ये बसवून कॉस्टिंग आणि अकाउंट्स दोन्ही पेपर दाखवले. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. कॉस्टिंगला पाचव्या प्रश्नाचं पान पूर्ण कोरं. तिसऱ्या प्रश्नात ताळा जमेना म्हणून मी तिथेच बसून राहिले होते, आणि त्या प्रश्नालाही पंधरापैकी चारच. अकाउंट्समध्ये आकडे बरोबर आहेत पण वर्किंग नोट्स रफ म्हणून शेवटच्या पानावर केल्या आणि त्यावर काट मारली. काट मारलेलं तपासत नाहीत, त्याचे मार्क शून्य.

एक विचारू? या सेमला आम्हाला प्रोसेस कॉस्टिंग आहे, म्हणजे उत्पादनाच्या एकेका टप्प्याचा खर्च काढणं. ॲबनॉर्मल लॉसपाशी, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या नासाडीपाशी, मी दर वेळी अडकते. बाईंनी समजावलं तेव्हा समजतं, घरी आलं की पुन्हा तेच.

निवृत्त_मास्तर

बाई भेटल्या, वेळ दिला, फार छान झालं. पुढच्या वेळी त्यांच्याकडे सोडवलेला पेपर घेऊनच जा.

आता गणित. समज, प्रोसेसमध्ये १००० नग टाकले, एकूण खर्च १९,२०० रुपये. नॉर्मल लॉस ५ टक्के, म्हणजे ५० नग, त्याचं भंगार नगाला ४ रुपये, म्हणजे २००. प्रत्यक्ष बाहेर आले ९३० नग. मुलं इथे १९,२०० ला १००० ने भागतात आणि १९.२० घेऊन पुढे जातात. तिथून पुढचं सगळंच खातं घसरतं.

नॉर्मल लॉस होणारच होता, तेव्हा त्याचा भार चांगल्या नगांवर बसवायचा. म्हणून खर्चातून भंगाराचे २०० वजा, उरले १९,०००. नगांतून ५० वजा, उरले ९५०. भागाकार २० रुपये. यायला हवे होते ९५०, आले ९३०, म्हणजे २० नग ॲबनॉर्मल लॉस, त्याची किंमत ४०० रुपये. चांगले ९३० नग १८,६०० ला पुढच्या प्रोसेसला गेले. १८,६०० अधिक ४०० अधिक भंगाराचे २०० केले की १९,२००. ताळा बसला.

ही चार ओळींची वर्किंग नोट खात्याच्या खाली स्वच्छ लिहिलीस, तर पुढे बेरीज चुकली तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. आणि ताळा जमला नाही तर तिथे बसून राहायचं नाही. घड्याळात अर्धा तास झाला की पुढचा प्रश्न.

वरळीचा_पोरगा

ताई, जागेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी बी.डी.डी. चाळीत वाढलो. एका खोलीत सात जण, टीव्ही चालू, अभ्यास कसा होणार? वरळीला पोदार हॉस्पिटलच्या मागे सुदाम काळू अहिरे मार्ग आहे, पण आमच्याकडे कोणी ते नाव घेत नाही, सगळे अभ्यास गल्लीच म्हणतात. शांत रस्ता, झाडं, दिवे. चाळीतली पोरं पिढ्यानपिढ्या तिथे बसून शिकली. रात्री तिथे गेलं की आजूबाजूला सगळे पुस्तकात डोकं घालून, मग आपलाही मोबाइल आपसूक खिशात जातो.

तुला वरळी लांब पडेल, पण कॉलेज दादरला आहे तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे, १८९८ पासूनची संस्था. चौकशी कर. कॉलेजच्या लायब्ररीचा रीडिंग रूम संध्याकाळी कितीपर्यंत उघडा असतो तेही बघ. लेक्चर दुपारी सुटत असेल तर गर्दीची गाडी पकडायच्या आधी दोन तास तिथेच बसायचं आणि अभ्यास संपवून घरी जायचं. घरी गेल्यावर स्वयंपाक, पाहुणे, शेजारी, सगळं असतंच. माझ्या बहिणीने हेच केलं, रात्रीचा अभ्यास जवळजवळ बंद केला आणि तिचे मार्क वाढले.

गाडीत उभ्याने गणित होत नाही. थिअरीच्या टिपा वाचता येतात, तेवढ्याच ठेव.

कांदिवली_एचआर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी नोकरभरतीच्या बाजूला बसतो. फ्रेशरच्या अर्जांना पहिली चाळणी मार्कांचीच लागते, हे खरं. पण ६.९ आणि ७.१ मधला फरक चाळणीपुढे कोणी विचारत नाही. एम.बी.ए. सी.ई.टी.ला पदवीला ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव वर्गांना ४५. तू तिथे आत्ताच बसतेस. पुढे प्रवेश सी.ई.टी.च्या गुणांवर ठरतो. तेव्हा सगळा जीव पॉइंटरमध्ये घालून सी.ई.टी. बाजूला पडली असं होऊ देऊ नकोस.

इंटरव्ह्यूत मी एस.वाय.ला मार्क कमी का पडले हे विचारतो. मुलं गडबडतात, काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. तू जे इथे लिहिलंस तेच दोन वाक्यांत सांग. आणि खाली टी.वाय.चे आकडे वर गेलेले दिसले की मला पुढे काही विचारावं लागत नाही. पाचव्या सेमचा आकडा म्हणूनच मोलाचा, सरासरीत तो किती भर घालतो हा भाग नंतरचा.

शिकवण्यांचं म्हणशील तर माझ्या मते बंद करू नकोस, कमी कर. स्वतः कमावून शिकलेली मुलगी ही जमेची बाजू आहे.

ठाण्याची_आई

एचआर साहेबांचं पटलं, पण शिकवण्यांबाबत मी असहमत. घरात पैशाची अडचण आता तितकी नसेल तर परीक्षेच्या आधीचे दोन महिने तरी पूर्ण बंद ठेव. मुलांच्या आयांना आत्ताच सांगून ठेव, त्या समजून घेतात. दिवाळीनंतर पुन्हा सुरू करता येतील. सेम पाच पुन्हा मिळणार नाही.

आणि अगं, बाबांशी बोल. ते गप्प आहेत ते रागाने असं तू धरून चाललीस. माझ्या नवऱ्याचं आजारपण झालं तेव्हा तोही मुलाच्या मार्कशीटकडे बघून असाच गप्प बसायचा. पुढे कधीतरी म्हणाला, "माझ्यामुळे पोराचं वर्ष गेलं." बापाच्या मनात अपराधी भाव असू शकतो. तू "मला टी.वाय.ला हे-हे करायचंय" असं त्यांना कागदावर दाखव. त्यांनाही हातभार लावावासा वाटत असेल, सकाळचा डबा भरतील, इंटर्नलच्या तारखा भिंतीवर लावतील.

झोप नाही म्हणालीस ते मी नुसतं वाचून सोडून देणार नाही. आठवडा झाला तर ठीक. पण तसंच चालू राहिलं, जेवण उतरेनासं झालं, तर कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे जा किंवा १४४१६ ला फोन कर. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. झोपेशिवाय पाठांतरही टिकत नाही.

गिरगाव_कट्टा

एन.एस.एस. (राष्ट्रीय सेवा योजना) केलंयस का? दोन वर्षांचे तास आणि कॅम्प पूर्ण असेल तर विद्यापीठाच्या २२९ च्या नियमात दहा मार्क आहेत. ते कसे लागू होतात हे कॉलेजच्या एन.एस.एस.च्या सरांना विचार आणि फॉर्म वेळेत भर. दर वर्षी कोणीतरी फॉर्म भरायचाच राहतो.

पुन्हा_आठव

"बाईंनी समजावलं तेव्हा समजतं, घरी आलं की पुन्हा तेच." या वाक्यावर लिहायचंय, कारण मी मानसशास्त्र शिकवते आणि दर बॅचला हे ऐकते.

समजणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता लिहिणारे पुढे गेले. आपली फसगत इथेच होते. वाचल्यावर लगेच "येतंय मला" असं वाटतं, आणि परीक्षा तर लगेच नसते.

म्हणून मनन किंवा विपुल प्रकाशनाच्या पुस्तकातलं सोडवलेलं गणित वाचू नकोस. उत्तरावर कागद ठेव, स्वतः सोडव, अडलीस तरच एक ओळ खाली सरकव. तेच गणित दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा कोऱ्या पानावर. ऑडिटिंगसारख्या थिअरीला रात्री झोपायच्या आधी पुस्तक मिटून त्या दिवशीचे मुद्दे लिहायचे. आठ आठवले, पुस्तकात अकरा आहेत, तर उद्याचा अभ्यास त्या तीन मुद्द्यांचा. तुझ्या दोन-अडीच तासांत हे बसतं. मार्कर घेऊन पान पिवळं करण्यात मात्र वेळ घालवू नकोस.

डोंबिवली_दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काय ठरवलं ते सांगते. सहावीच्या दोन मुलींची शिकवणी शनिवार-रविवार ठेवलीय, कारण त्यांच्या आईला दुसरं कोणी परवडणार नाही. बाकीची बंद. कॉलेजची लायब्ररी साडेसहापर्यंत उघडी असते, लेक्चरनंतर तिथेच बसते. मार्कशीटवर खुणा केल्या, चार विषय असे निघाले जिथे मी पुढच्या पायरीपासून दोन ते चार मार्कांवर होते. इंटर्नलच्या टेस्ट ऑगस्टच्या शेवटी आहेत. एन.एस.एस. केलेलं नाही.

बाबांशी बोलले. ठाण्याच्या काकू, तुम्ही लिहिलंत अगदी तेच ते म्हणाले. जास्त लिहीत नाही त्यावर. टेस्टच्या तारखा त्यांनी कॅलेंडरवर लिहिल्यात.

एकच अडचण उरलीय. घरी घड्याळ लावून पेपर सोडवला तरी तपासणार कोण? बाईंकडे आठवड्याला गेले तर त्यांना त्रास होईल असं वाटतं.

निवृत्त_मास्तर

मैत्रिणीबरोबर अदलाबदल कर. तिचा पेपर तू तपास, तुझा ती. समोर उत्तर ठेवून पायरीला मार्क द्यायचे, दया दाखवायची नाही. दुसऱ्याचा पेपर तपासताना आपली मांडणी कुठे कमी पडते ते फार लवकर कळतं. बाईंकडे महिन्यातून एकदा, तेही तपासलेला पेपर आणि दोनच शंका घेऊन जा, त्यांना त्रास होणार नाही.

कॉस्टिंगचा पहिला पेपर या रविवारी सोडव. अडीच तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पानांचे फोटो मला इथे निरोपात पाठव, मी तपासून देतो.

डोंबिवली_दादर

हो सर, रविवारी दुपारी पाठवते. प्रोसेस कॉस्टिंगचाच प्रश्न आधी घेते.

आकडेमोड

सेम पाचचा निकाल लागला की याच धाग्यावर आकडा टाक. सहाव्या सेमला नेमका किती लागेल तो हिशोब तेव्हा नव्याने मांडू.